चिनी अक्षरांत दडलेला 'नमो'

चिनी म्हणजे एकच एक भाषा, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. उत्तरेकडील मँडरिन, शांघायकडील वू, ग्वांगडोंग व हाँगकाँगमधील युए म्हणजेच कँटनी, फुजियान व तैवानमधील मिन, शिवाय हक्का, गान आणि शियांग असे सात मोठे गट अभ्यासक सांगतात. बीजिंगचा आणि हाँगकाँगचा माणूस आपापल्या घरच्या भाषेत बोलू लागले, तर एकाचे दुसऱ्याला कळत नाही. मँडरिनमध्ये चार सूर, तर कँटनीत सहा. 'मँडरिन' हे नाव मात्र आपल्या ओळखीचे निघते. संस्कृत 'मंत्रिन्' शब्द मलय भाषेत गेला, तिथून पोर्तुगीजांनी तो उचलला आणि चिनी अधिकाऱ्यांना व त्यांच्या भाषेला लावला.

आम्ही काही भाषाशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु या संशोधनाचा आपल्याशी जो संबंध आहे, तो समाजबांधवांना व विशेषतः विद्यार्थ्यांना माहीत असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

चिनी लिपी अर्थ दाखवते, उच्चार नीट दाखवत नाही. देवनागरीत 'क' लिहिला की तो 'क'च वाचला जातो. चिनी अक्षर मात्र दोन हजार वर्षे तेच राहिले आणि त्याचा उच्चार बदलत गेला. मग हजार-दीड हजार वर्षांपूर्वी लोक ते कसे उच्चारत, हे कळणार कसे? बँकेत आम्ही धनादेशावरील सही नमुना सहीशी ताडून पाहतो. तसेच अभ्यासकांनी तीन साक्षीदार एकमेकांशी ताडून पाहिले.

पहिला साक्षीदार म्हणजे जुने कोश. इ. स. 601 मध्ये लू फायान याने 'छियेयुन' हा यमककोश तयार केला. त्यात एका अक्षराचा उच्चार दोन अक्षरांनी सांगितला आहे. पहिल्याचा आरंभ घ्यायचा, दुसऱ्याचा शेवट घ्यायचा. आपल्या भाषेत सांगायचे तर 'कमळ'मधला 'क्' आणि 'पान'मधला 'आन' जोडला की 'कान' होतो. पुढे तांग काळाच्या अखेरीस शौवेन नावाच्या भिक्खूच्या नावावर असलेली व्यंजनांची यादी दुनहुआंगच्या हस्तलिखितांत सापडली. सोंग काळात रूढ झालेली छत्तीस व्यंजनांची यादी पाहावी, तर क, ख, ग, ङ; त, थ, द, न; प, फ, ब, म असे गट क्रमाने येतात. आपल्या वर्णमालेचीच ही शिस्त होय. बौद्ध ग्रंथांबरोबर भारतीय ध्वनिविचारही तिकडे पोहोचला होता.

दुसरा साक्षीदार म्हणजे जिवंत बोली. स्वीडनचे बर्नहार्ड कार्लग्रेन 1910 ते 1912 या काळात चीनमध्ये राहिले, अनेक बोलींचे उच्चार त्यांनी टिपले आणि 1915 ते 1926 दरम्यान जुन्या चिनी ध्वनींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चाओ युएनरेन यांनी 1928 मध्ये वू बोलींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. जपान, कोरिया व व्हिएतनामने पूर्वी उचललेले चिनी शब्दही याच साक्षीत येतात. 'बुद्ध' या अर्थाचे अक्षर मँडरिनमध्ये आज 'फो' असे वाचतात. पण कँटनीत ते 'फत्', जपानीत 'बुत्सु', कोरियनमध्ये 'बुल'. आरंभीचा 'ब' जपानने राखला, शेवटचा 'त्' कँटनने राखला. मँडरिनने दोन्ही गमावले. सर्व तुकडे जुळवले की मूळ 'बुद्ध' ऐकू येऊ लागतो.

तिसरा साक्षीदार म्हणजे भारतीय शब्दांची चिनी लेखने. 'नमो' लिहिण्यासाठी जी दोन अक्षरे वापरली, ती मँडरिनच्या नेहमीच्या वाचनात 'नान-वू' होतात. मठांत मात्र परंपरेने 'नामो' असेच म्हणतात. 1923 साली वांग रोंगबाओ यांनी अशाच लेखनांच्या आधारे दाखवून दिले की, आज 'ओ' किंवा 'अ'सारखी वाचली जाणारी कित्येक अक्षरे तांग काळात 'आ' या स्वराने वाचली जात.

याचा पडताळा आपल्याच प्रांताच्या नावात मिळतो. इ. स. 641 च्या सुमारास ह्युएनत्संग पुलकेशीच्या राज्यात आला. इथे शंभरावर विहार व सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे त्याने नमूद केले आहे. त्याने लिहिलेले प्रदेशाचे नाव आजच्या मँडरिनमध्ये वाचले तर 'मो-ह-ला-छा' होते आणि ओळख पटत नाही. परंतु संशोधकांनी ठरवलेले तांगकालीन उच्चार घातले की 'मा-हा-लात्-ठा' असे काहीसे होते. 'र' त्या भाषेत नव्हता म्हणून 'ल' आला. बाकी हे तर प्राकृत 'महारट्ठ'च! तेराशे वर्षांहून जुन्या कागदावर आपल्या भूमीचे नाव लोकांच्या तोंडी होते तसे उतरले आहे.

यातून घेण्यासारखा बोध आहे. राजधानीची भाषा ती शुद्ध आणि बाकीच्या गावंढळ, असे सर्वत्र मानले जाते. इथे मात्र राजधानीच्या भाषेने जे हरवले, ते दक्षिणेकडच्या बोलींनी सांभाळून ठेवले. त्यांची साक्ष नसती तर पुष्कळसा इतिहास मुका राहिला असता. आज त्याच बोलींवर ताण आहे. 1956 पासून चीनमध्ये मँडरिनवर आधारलेल्या प्रमाण भाषेचा सरकारी प्रसार सुरू झाला; 2001 मध्ये तसा कायदाही लागू झाला. साऱ्या देशाला जोडणारी भाषा हवीच, तिच्यामुळे शिक्षणाची व नोकरीची दारे उघडतात. पण शाळेत नको असलेली भाषा हळूहळू घरातूनही जाते. 2010 साली ग्वांगझौमध्ये कँटनी भाषेतील दूरदर्शन कार्यक्रम वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, ते याच भीतीपोटी.

विद्यार्थी मित्रांनो, प्रमाण भाषा अवश्य शिका, तिच्यावर प्रभुत्व मिळवा. मात्र आजीच्या तोंडचा शब्द अशुद्ध म्हणून टाकून देऊ नका. तो वहीत टिपून ठेवा. उद्याच्या एखाद्या संशोधकाला नेमका तोच साक्षीदार हवा असेल.