टकळी, सुया आणि मुंबईची दमट हवा

मुंबईत लोकरीचं विणून घालणार कोण, हा प्रश्न वर्षभर ऐकला. लोकर सोडा, सूत घ्या! फक्त सुताला लोकरीसारखा ताण नसतो, त्यामुळे मनगटाची सुलट-उलट पट्टी सैल पडते. तिथे बारीक सुया घ्याव्यात.

पण यंदाची खरी कमाई म्हणजे टकळी. पेळूतून तंतू ओढत पीळ देत जायचं. एकेरी धाग्यात पिळाचा जोर शिल्लक राहतो. तो तसाच विणला तर कापड तिरकं जातं. म्हणून दोन धागे जोडून उलट्या दिशेने पीळ द्यायचा. दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात, विणकाम सरळ राहतं.

पावसाळ्यात सूत कमी तुटतं. ओलाव्याने कापसाचा तंतू बळकट होतो. १८५६मध्ये ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली, पुढे परळ-लालबाग गिरण्यांनी भरलं, त्यामागे ही दमट हवाही होती. गिरणीतला ‘काउंट’ म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ते. चाळीस काउंट म्हणजे पौंडाला ३३,६०० यार्ड! माझं सूत अजून सुतळीचं नातेवाईक आहे.

गिरगावकरांनो, गामदेवीचं मणिभवन पाहाच. १९१७ ते १९३४ दरम्यान गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. कापूस पिंजण्याचे पहिले धडे त्यांनी तिथेच घेतले. त्यांच्या खोलीत चरखे मांडलेले आहेत. पुढच्या वर्षी मला पेटीचरखा शिकायचाय, कुणी शिकवणार का?