समुद्रापासून दूर, काचेतील प्रवाळ : भिस्त जिवाणूंवर

पावर हाउस (भिलाई) : मुंबई-हावडा लोहमार्गावरील पावर हाउस स्थानकापासून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही शेकडो किलोमीटर दूर आहेत. मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उभे राहिले ते समुद्राच्या काठावर. भिलाईत मात्र घरच्या काचपेटीत प्रवाळ-मत्स्यालय मांडायचे, तर गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात मीठमिश्रण विरघळवून समुद्र तयार करावा लागतो. दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार, ही झाली सोपी बाजू. अवघड आहे ते या पाण्यात साचणाऱ्या नत्र आणि फॉस्फेटचा निचरा करणे. हे काम यंत्रापेक्षा जिवाणूच अधिक करतात.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजले की अमोनिया तयार होतो. तो अल्प प्रमाणातही माशांना घातक असतो. एका गटातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातील त्याचे नायट्रेट. हे जिवाणू प्रथम वेगळे करून दाखवण्याचे श्रेय रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांना जाते. तो काळ १८९० च्या आसपासचा. भिलाईकरांना ही क्रिया वाटते तितकी परकी नाही. पोलाद कारखान्यांतील कोकभट्ट्यांच्या सांडपाण्यात अमोनिया आणि फिनॉल असतात आणि ते निवळण्यासाठीही जिवाणूच पोसले जातात.

परदेशात अनेक हौशी लोक समुद्रातून काढलेला सच्छिद्र खडक टाकीत ठेवतात. त्याबरोबर जिवाणू आपोआप येतात. भारतात हा मार्ग बंद आहे, आणि तो बंद असणेच योग्य आहे. खडक घडवणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावरील प्रवाळ किंवा त्याच्या खडकाचा तुकडा उचलणे आणि विकणे हा गुन्हा आहे. कायदेशीर उगमाचा पुरावा नसलेला जीव घेऊच नये. म्हणून येथे कोरडा कृत्रिम सच्छिद्र दगड आणि बाटलीतून मिळणारे जिवाणू यांवर सुरुवात करावी लागते.

बाटलीवरील मजकुरावर मात्र विसंबू नये. मे महिन्यात पार्सलच्या डब्यातून आलेल्या बाटलीत किती जिवाणू जिवंत उरले, हे नुसते पाहून कळत नाही. खात्रीचा उपाय एकच : टाकीत मासा सोडण्यापूर्वी लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम या प्रमाणात अमोनिया द्यावा आणि चाचणी करत राहावे. एका दिवसात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तरच वसाहत रुजली असे समजावे. याला साधारण चार ते सहा आठवडे लागू शकतात. घाईने सोडलेला मासा बहुधा याच काळात दगावतो.

अमोनियाचे नायट्रेट झाले म्हणजे नत्र संपले असे नव्हे. त्याने केवळ रूप बदलले. दगडाच्या आतल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या छिद्रांत दुसरे जिवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फेटला अशी वायुरूप वाट नाही. ते पाण्याबाहेर उचलूनच काढावे लागते. यासाठी लोह-ऑक्साइडचे दाणे वापरले जातात, कारण फॉस्फेट लोहाला चिकटते. लोखंडाच्या गावात हे सांगताना गंमत वाटते. पण खाणीतले खनिज टाकीत टाकण्याचा प्रयोग कोणी करू नये!

दुसरा मार्ग जिवाणूंना कर्ब देण्याचा. व्हिनेगर, साखर किंवा व्होडका थेंबाथेंबाने दिली जाते. त्यावर वाढणारे जिवाणू पाण्यातील नत्र आणि फॉस्फेट आपल्या शरीरात घेतात आणि फेस काढणारे प्रोटीन स्किमर त्यांना पाण्याबाहेर नेते. छत्तीसगडच्या भातशेतकऱ्याला हे तत्त्व ठाऊक आहे. कच्चा पेंढा शेतात गाडला की पुढचे पीक काही काळ पिवळे पडते. पेंढा कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. शेतात जे नुकसान, तेच टाकीत उपयोगी पडते.

परंतु चुकीला येथे क्षमा नाही. कर्ब जास्त झाला की रात्रीतून पाणी दुधाळ होते, जिवाणू प्राणवायू संपवतात आणि सकाळी मासे मेलेले आढळतात. एक ग्रॅम अमोनियारूपी नत्राचे नायट्रेट करण्यासच सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. त्यातच पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. पंचेचाळीस अंशांकडे झुकणारा भिलाईचा उन्हाळा आणि दुपारी गेलेली वीज, एवढे प्राणवायू संपायला पुरेसे असते. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा चैनीचा भाग नव्हे. कर्बाची मात्रा अत्यल्प ठेवून आठवड्यागणिक वाढवावी, स्किमर बंद असेल तर देऊच नये आणि ऐन उन्हाळ्यात हा प्रयोग सुरू करू नये.

शून्य गाठण्याचा अट्टाहासही तितकाच घातक. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला नत्र आणि फॉस्फेट दोन्ही लागतात. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, नत्र भरपूर आणि फॉस्फेट अपुरे अशी स्थिती आली, तर उष्णता व प्रखर प्रकाशात प्रवाळ लवकर पांढरे पडतात. त्यामुळे अनुभवी हौशी लोक लिटरला साधारण २ ते १० मिलिग्रॅम नायट्रेट आणि ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट राखण्याचा प्रयत्न करतात. दोन्हींपैकी एक शून्यावर येऊन दुसरे वाढत असेल, तर जिवाणूंची नवी बाटली उघडण्याऐवजी कर्ब थांबवावा, पाण्याचा काही भाग बदलावा आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजावे.