पंच नाही, शिट्टी नाही. तरी पाळी ठरलेली

भंडारा (प्रतिनिधी) - विटीदांडू असो वा गल्लीतील क्रिकेट, त्यांचे नियम पुस्तकात सापडत नाहीत. धाकट्याला 'लिंबू-टिंबू' म्हणून खेळात घ्यायचे, हे सानगडीपासून दादरपर्यंत प्रत्येक मुलाला न सांगता कळते. चार चाकांच्या फळीवर कसरती करणाऱ्या स्केटबोर्डपटूंचे जगही अशाच अलिखित संकेतांवर चालते. रस्त्यावरून जाणाऱ्याला तेथे केवळ गोंगाट व धडपड दिसते, हा भाग वेगळा.

कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांनी 1950 च्या दशकात हा खेळ रुजविला. एका लाटेवर एकच स्वार, हा त्यांचा दंडकही त्यासोबत जमिनीवर आला. सिमेंटच्या उतारावर एका वेळी एकानेच उतरायचे. इतरांनी कडेला थांबायचे. पाळी बहुधा नजरेनेच ठरते. मध्येच घुसण्याला 'स्नेकिंग' म्हणतात व तो मोठा अपराध समजला जातो. त्यामागे केवळ शिष्टाचार नाही. वेगात आलेले दोघे एकमेकांवर आदळले, तर हाडे शाबूत राहणे कठीण. म्हणूनच पायाखालून फळी निसटली की ओरडून सर्वांना सावध करणे हेही कर्तव्यच.

कोणाला अवघड कसरत साधली की इतर जण आपापल्या फळ्या जमिनीवर आपटतात. ही त्यांची टाळी. अनेकदा पडून अखेर पहिली उडी साधणाऱ्या नवख्यालाही ती मिळते.

ऑलिम्पिकमध्येही हे संकेत सुटले नाहीत. 4 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोतील अंतिम फेरीत जपानची 15 वर्षांची मिसुगु ओकामोतो अखेरच्या प्रयत्नात पडली व चौथी आली. रडणाऱ्या मिसुगुला प्रतिस्पर्धी मुलींनीच खांद्यावर उचलून घेतले. महाराष्ट्रालाही हा खेळ परका राहिलेला नाही. पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक पटकावले.

मात्र या व्यवस्थेत एक उणीव आहे. नजरेने ठरणारी पाळी धीट मुलाच्या पदरात चटकन पडते. बुजरी मुलगी कडेलाच ताटकळत राहते. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार येथे जर्मनीच्या उलरिके राइनहार्ड यांनी 2015 मध्ये स्केटपार्क सुरू केला, तेव्हा ही गोष्ट संकेतांवर सोडली नाही. तेथे दोन नियम स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले : 'शाळा नाही, तर स्केटबोर्ड नाही' आणि 'मुली आधी'. मुलीने फळी मागितली की मुलाने ती द्यायची. आदिवासी व यादव अशा दोन वस्त्यांच्या या गावात दोन्हीकडची मुले एकाच उतारावर आली. त्यांपैकीच आशा गोंड ही आदिवासी मुलगी 2018 मध्ये चीनमधील नानजिंग येथील जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली.