घराचा विमा उतरविताना
जोयडा तालुक्यातील रामनगरात कौलारू घर आणि बेळगावात नवी सदनिका, अशी दुहेरी मिळकत ज्या गृहस्थाची असेल, त्याने हे ध्यानी धरावे की स्वतंत्र घराच्या पायापासून छपरापर्यंतची सारी जोखीम एकट्या मालकाची असते, तर सदनिकेच्या बाबतीत जिना, गच्ची आदी सामाईक भागांचा विमा संस्थेने उतरविला आहे किंवा कसे, याची खातरजमा दस्तऐवज पाहूनच करावी लागते.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत आग, वीज, वादळ, पूर, भूस्खलन, इतकेच नव्हे तर झाड उन्मळून होणारे नुकसानही अंतर्भूत आहे; सामानास इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. आमच्याकडील धुवांधार पावसाळ्यात हे मोलाचे आहे. मात्र फुटक्या कौलातून वर्षानुवर्षे झिरपून वासा कुजला, तर ती झीज ठरते व भरपाई मिळत नाही. विम्याची रक्कमही पुनर्बांधणीच्या खर्चावर ठरते. जागेची किंमत त्यात मिळवून हप्ता वाढविणे व्यर्थ होय. चोरीची भरपाई आपत्तीनंतरच्या ७ दिवसांपुरतीच असल्याने, घर बंद ठेवणाऱ्यांनी घरफोडीचा विमा अवश्य वेगळा घ्यावा.