पिनांगच्या बाजारात भेटलेला मोदक

परदेशाहून कोणी परत आले की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "काय काय पाहिलेत?" आणि दुसरा, "जेवणाचे कसे केलेत?" गेल्या डिसेंबरात, शाळेच्या मोठ्या सुट्टीत, मी, माझे यजमान आणि आमची मुलगी असे तिघे मलेशियातील पिनांग बेटावर आठ दिवस राहून आलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर फोटोंतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून वाचकांसाठी येथे लिहीत आहे.

पिनांगही आपल्यासारखेच बेट. 1786 साली फ्रान्सिस लाइट याने ते ईस्ट इंडिया कंपनीसाठी ताब्यात घेतले. मलाय लोक तेथे होतेच. पुढे चीनमधून आणि भारतातून, विशेषतः तमिळ प्रदेशातून, व्यापारी आणि मजूर आले. आपले पणजोबा-खापरपणजोबा रत्नागिरीकडून जहाजाने मॉरिशसला आले, त्याच काळातली ही गोष्ट. आपला आप्रवासी घाट 2006 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, तर पिनांगचे जॉर्ज टाउन शहर 2008 मध्ये. त्यामुळे तेथे गेल्यावर फार परके वाटले नाही.

पहिल्या सकाळी आम्ही मलाय लोकांची न्याहारी केली. तिचे नाव नासी लेमाक. नासी म्हणजे भात. तो नारळाच्या दुधात शिजवतात आणि त्यात पांडानचे पान घालतात. सोबत साम्बाल म्हणजे मिरचीची लाल चटणी, तळलेली इकान बिलिस नावाची बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी आणि अंडे. सर्व काही केळीच्या पानात बांधून देतात. पांडानचा वास घेताच मुलगी म्हणाली, "आई, हा कसला वास?" मी तिला सांगितले की आपल्या वाक्वा गावाला ज्या झाडावरून नाव मिळाले, त्याच्याच कुळातले हे पान आहे, आणि आपला केवडाही त्याच कुळातला. मास्तरणीची सवय सुट्टीतही सुटत नाही!

दुपारी भारतीयांचे नासी कांदार. कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. पूर्वी तमिळ मुसलमान विक्रेते कावडीच्या एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कालवण घेऊन दारोदार फिरत. आता दुकाने झाली, पण नाव कावडीचेच राहिले. भातावर एक नव्हे, तीन-चार प्रकारचे रस्से एकत्र ओततात. भरपूर रस्सा हवा असेल तर "बांजिर" म्हणायचे, म्हणजे पूर! यजमानांनी तो शब्द पहिल्याच दिवशी पाठ केला. रोटी चनाईही खाल्ली. ती आपल्या फरात्याची थोरली बहीण. पीठ हवेत फिरवून इतके पातळ करतात की आरपार दिसावे. मग घडी घालून तव्यावर टाकतात आणि डाळीबरोबर वाढतात.

संध्याकाळी चिनी लोकांच्या गाड्यांवर चार क्वे त्याव. तांदळाच्या पिठाच्या रुंद पट्ट्या मोठ्या कढईत, अगदी भडक्या आचेवर परततात. त्यात कोळंबी, अंडे आणि मोड आलेले मूग. पोर्ट लुईच्या चायनाटाउनमध्ये मीन फ्री खाऊन वाढलेल्या माणसाला हा पदार्थ शिकवावा लागत नाही. परंतु एक सूचना. पुष्कळ चिनी गाड्यांवर डुकराची चरबी वापरतात, आणि मलाय किंवा मुसलमान खानावळीत हलालची पाटी असली तरी गोमांस असू शकते. बाबी म्हणजे डुक्कर, लेम्बू म्हणजे गाय किंवा बैल, आयाम म्हणजे कोंबडी आणि इकान म्हणजे मासा, एवढे चार शब्द पाठ करून जावे. विचारले तर कोणी रागावत नाही. आम्ही रोज विचारत होतो. शाकाहारी मंडळींनी मात्र साम्बालविषयीही विचारावे, कारण त्यात बहुधा कोळंबीचा खारवलेला गोळा असतो.

आसम लाक्सा या माशाच्या आंबट सारात मला एक वाळलेली काळपट चकती सापडली. चाखून पाहिली तर आमसुलाची आठवण झाली. मग कळले की ते फळ आणि आपल्या कोकणचे कोकम एकाच कुळातले आहेत. माझी आजी चिंचेचे सार करताना नेहमी म्हणायची, "ही चिंच आहे म्हणून भागवायचे, खरे सार आमसुलाचे." तिने स्वतः आमसूल कधी पाहिले होते की नाही, देव जाणे. तिच्या आईकडून आलेले ते वाक्य होते.

आता मुख्य गोष्ट सांगते. शेवटच्या दिवशी आम्ही चौरस्ता बाजारात गेलो. नाव खरोखर हेच आहे, आणि अर्थही आपलाच. बाजाराच्या बाहेर एक वयस्क मलाय बाई मिठाई विकत होत्या. तेथे अशा बाईंना मकचिक म्हणतात, जसे आपण मावशी म्हणतो. केळीच्या पानात बांधलेला एक त्रिकोणी पुडा त्यांनी मला दिला. कुइ कोची. सोडून पाहिला तर आत तांदळाच्या पिठाची मऊ पारी, आणि तिच्या पोटात खोबरे आणि ताडगूळ. वाफेवर शिजवलेले. मी एक घास घेतला आणि रस्त्यात उभीच राहिले.

आमच्या घरी आजी गणेशचतुर्थीला असेच मोदक करायची, तांदळाचे, उकडून. आईच्या हाती संसार आला तेव्हा ती गव्हाच्या पिठाचे तळून करू लागली, कारण ते फुटत नाहीत. आई गेली, आणि मी, वर्गात मुलांना 'म मोदकाचा' शिकवणारी, गेली काही वर्षे मोदक विकत आणत होते. मुलीने उकडीचा मोदक कधी चाखलाच नव्हता. तिला तो पहिल्यांदा पिनांगला, दुसऱ्यांच्या मावशीच्या हातून, मिळाला.

मी मकचिकना कृती विचारली. त्या चिकट तांदळाचे पीठ वापरतात, आपण साधे. परंतु त्यांनी एक गोष्ट हाताने दाखवून सांगितली: सारण इतके आटवा की ते कढईला धरून राहणार नाही. ओले राहिले तर पारी फुटते.

यंदा गणेशचतुर्थीच्या आधी मी आत्याला फोन केला. त्या ब्लॅक रिव्हरकडे राहतात, वय चौऱ्याऐंशी. उकडीचे मोदक येणाऱ्या आमच्या घरात त्या एकट्याच उरल्या आहेत. मी म्हटले, "आत्या, शिकवा." त्या म्हणाल्या, "इतकी वर्षे कुठे होतीस?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आम्ही मायलेकी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या खुर्चीवर बसून सांगत होत्या: पाणी खळखळू दे, मीठ आणि थोडे तूप घाल, मग पीठ, मग झाकण. उकड गरम असतानाच मळ. सारणाविषयी त्यांनी जे सांगितले, ते अक्षरशः मकचिकचेच शब्द होते. एकवीस मोदक केले, त्यांतले अकरा फुटले. मुलीने केलेला शेवटचा मात्र नीट उभा राहिला, कळ्यांसकट. उकड, सारण, पारी, कळी हे शब्द तिला माझ्या पाठ्यपुस्तकातून कधी आले नव्हते. त्या दुपारी आले.

वाचकहो, पिनांगला जरूर जा, सर्वांच्या हातचे मोकळ्या मनाने खा. तेथील लोकांचे पदार्थ टिकले, कारण ते रोज कोणीतरी करते आणि रोज कोणीतरी खाते. आपले काही पदार्थ एकाच म्हाताऱ्या हातात उरले आहेत. तुमच्या घरी असा हात असेल, तर पुढच्या सणाची वाट पाहू नका. या रविवारीच जा आणि शेजारी बसून शिका.