सत्यप्रत

बँकेत उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या माणसाला ‘नक्कल’ या शब्दाचे वावडे नसते. मूळ दस्तऐवज तिजोरीत बंद. पुढचा व्यवहार चालायचा तो नकलेवर. ‘मूळ प्रतीवरून पडताळून पाहिली’ असा शिक्का मारून खाली सही ठोकली, की तीच नक्कल सत्यप्रत होई. चित्रांच्या दुनियेत मात्र नक्कल म्हटले की जाणकार नाक मुरडतात. म्हणूनच एका जुन्या फ्रेंच चित्रसंग्रहाविषयी लिहावेसे वाटते. तो सबंध नकलांचा आहे आणि त्याच्यामागे उभा आहे तो एक बँकर.

हा संग्रह १७५४ साली पॅरिसमध्ये जुलँ नावाच्या प्रकाशकाने विक्रीला आणला. त्यात एचिंग पद्धतीने छापलेली २८३ चित्रे आहेत. थोर चित्रकारांनी, मुख्यतः इटालियन, कागदावर केलेल्या रेखाटनांच्या या प्रतिकृती. संग्रहाचे शीर्षक चांगले लांबलचक आहे. त्यात म्हटले आहे, की ही रेखाटने ‘पूर्वी’ श्रीयुत याबाख यांच्या मालकीची होती आणि पुढे ती राजाच्या संग्रहात गेली. हा ‘पूर्वी’ वाचताना माझ्यातला जुना बँकवाला थबकला. एका घरातून संपत्ती निघून गेल्याची ती नोंद होती.

एव्हरहार्ड याबाखचा जन्म १६१८ चा, जर्मनीतल्या कोलोनचा. घराणे सावकारीचे. ऐन विशीत पॅरिसला आला, बस्तान बसवले, फ्रेंच नागरिक झाला. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याच १६६४ साली फ्रेंचांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या संचालकांतही याबाखचे नाव आहे. पण त्याचा जीव अडकला होता चित्रांत. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचा १६४९ साली शिरच्छेद झाला आणि त्याचा संग्रह विक्रीला निघाला, तेव्हा याबाख खरेदीदारांत होता. काराव्हाजोचे ‘कुमारिकेचा मृत्यू’ हे चित्र असेच त्याच्या घरी आले.

पुढे धंद्याचे गणित फिसकटले. १६७१ साली याबाखने १०१ रंगचित्रे आणि ५,५४२ रेखाटने चौदाव्या लुईला २,२०,००० लिव्रांना विकली. मागितले होते याहून कितीतरी जास्त. वाटाघाटीच्या काळात त्याने राजाच्या अधिकाऱ्याला लिहिलेले एक पत्र आहे. आपण ऐरण आणि हातोडा यांच्यामध्ये सापडलो आहोत, असे तो त्यात कळवळून सांगतो. मला त्या पत्राची भाषा ओळखीची वाटली. थकलेल्या कर्जदाराचे पत्र कोणत्याही देशातले असो, त्याचा सूर एकच असतो.

त्या विक्रीची यादी मात्र पक्क्या हिशेबनिसाला शोभेल अशी. २,६३१ रेखाटने निवडक, जाड कागदावर चिकटवून भोवती सोनेरी पट्टी लावलेली; उरलेली २,९११ किरकोळ. त्याच सुमारास त्याने मिशेल आणि झाँ-बातिस्त हे कॉर्नेय बंधू, झाक रूसो, झाँ पेन आणि मास्से अशा चित्रकारांना बसवून निवडक रेखाटनांचे ताम्रपट करवून घेतले.

एचिंगच का, हे समजून घेण्याजोगे आहे. तांब्यावर पोलादी टोचणीने थेट कोरायचे तर मनगटाचा जोर लागतो आणि रेषा ताठर होते. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा पातळ थर देतात, त्यावर सुई लेखणीसारखी मोकळी फिरते. सुईने जिथे मेण खरवडले तिथे आम्ल तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून दाबयंत्राखाली ओला कागद घातला की चित्र उमटते. आनिबाले काराचीने बोरूने झपाट्याने झाड काढले असेल, तर तो झपाटा या रेषेत उतरू शकतो. पण कुंचल्याने दिलेली पातळ शाईची छटा नुसत्या रेषेला पकडता येत नाही. शिवाय पत्र्यावर जसेच्या तसे काढले तर छापताना डावे उजवीकडे जाते. त्यामुळे अशा प्रतिकृतींत पुष्कळदा नदी उलट्या दिशेने वाहते.

मग या खटाटोपाचा उपयोग काय? एक प्रसंग सांगतो. कोकणातल्या एका शाखेत असताना सोनेतारणासाठी एक बाई आल्या. सराफाने तोडे वजनाला घेतले, तशा त्या म्हणाल्या, “जरा थांबा हो साहेब.” पिशवीतून कागद काढून त्यांनी पेन्सिलीने तोड्यांवरची नक्षी उतरवून घेतली. “नाहीच सुटले, तर नक्षी तरी घरात राहील.” याबाखच्या मनात नेमके काय होते ते तोच जाणे. मला मात्र ते ताम्रपट पाहताना त्या बाईंचा कागद आठवतो.

पण सत्यप्रतीची एक मर्यादा बँकेत पहिल्या वर्षीच शिकवतात. नक्कल मुळाबरहुकूम आहे, एवढीच हमी सही करणारा देतो. मूळ कागद खरा आहे, अशी नाही. या संग्रहाचेही तेच. ज्या रेखाटनाखाली तिशियनसारखे मोठे नाव छापले, त्यातली काही पुढे अभ्यासकांनी दुसऱ्याच हातांची ठरवली. याबाखच्या चित्रकारांनी लेखणीनेही नकला केल्या होत्या. राजाकडे गेलेल्या गठ्ठ्यांतून त्यांतल्या काही नंतर वेगळ्या काढाव्या लागल्या. सावकाराने राजाला फसवले, की घाईत कागद मिसळले? मी निकाल देणार नाही. एवढे खरे, की कोणाला काय अस्सल वाटत होते, ते या छापील पानांवर गोठून राहिले आहे. तीही एक साक्षच.

याबाख १६९५ साली वारला. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी त्याचे ताम्रपट ग्राहकांपुढे आले. राजाची तिजोरी पाहायला मिळणे सामान्याच्या नशिबी नव्हते. पण हा संग्रह विकत घेणाऱ्याला काराचीची झाडे आपल्या टेबलावर पाहता येऊ लागली. रेखाटने एकाच धन्याची असतात, ताम्रपटाच्या प्रती अनेकांच्या होतात. संपत्ती गमावलेल्या माणसाने नकळत केलेले हे वाटप आहे.

आणि तो ‘पूर्वी’? याबाखचे ते राजाचे झाले, असे १७५४ साली छापले गेले. अवघ्या ३९ वर्षांनी, १७९३ च्या जानेवारीत, फ्रान्सच्या राजाचेच मस्तक उडाले आणि ऑगस्टमध्ये लूव्र लोकांसाठी खुले झाले. राजाचेही ‘पूर्वी’ झाले. ती रेखाटने आज लूव्रमध्ये राष्ट्राची म्हणून जपली जातात. खातेदाराचे नाव तेवढे बदलत गेले.