केमो गाळलेली गोष्ट

नोव्हेंबर 2024मध्ये रायपूरहून एक कायदेशीर नोटीस निघाली. तिच्यात आकडा होता 850 कोटी रुपयांचा. त्याआधी माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसरला पत्रकार परिषद घेतली होती. पत्नी नवज्योत कौर यांचा चौथ्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग पथ्यपाण्यानं चाळीस दिवसांत बरा झाला, असं त्यांनी सांगितलं. हळद, कडुलिंबाचा पाला, लिंबूपाणी, साखर बंद, संध्याकाळी लवकर जेवण. व्हिडिओ व्हायरल झाला. मग रायपूरच्या ‘छत्तीसगड सिव्हिल सोसायटी’चे संयोजक डॉ. कुलदीप सोलंकी यांनी नवज्योत कौर यांना नोटीस धाडली : सात दिवसांत पुरावे द्या किंवा खुलासा करा, नाहीतर भरपाईचा दावा लावू. रकमेचं हसू येईल कुणाला, पण मागणी रास्त होती. हे ऐकून एखादीनं केमो अर्धवट सोडली तर?

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आजी-माजी 262 कर्करोगतज्ज्ञांनीही पत्रक काढलं. नवज्योत कौर यांची शस्त्रक्रिया झाली होती, केमोही झाली होती. गुण आला तो त्यानं, असं टाटाच्या डॉक्टरांचं म्हणणं. पुढे सिद्धूंनीही सारवासारव केली, की हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानं, उपचारांच्या जोडीला घ्यायचा. पण खुलाशाला व्हिडिओचे पाय नसतात.

निव्वळ थापा त्यातल्या त्यात बऱ्या. गरम नारळपाण्यानं कर्करोगाच्या पेशी मरतात, असा मेसेज टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावानं फिरत होता. तो आपला नाही, असं रुग्णालयानं जाहीर केलं आणि विषय मिटला. निदान मिटायला हवा होता. अवघड असतं ते अर्धसत्य. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं खातात हे खरंच आहे. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते ती त्यामुळेच. म्हणून साखर तोडली की गाठ उपाशी मरेल? तसं होत नाही. बाहेरून साखर आली नाही तर यकृत स्वतः ग्लुकोज तयार करतं. उपासतापासानं वाळतो तो रोगी, आणि केमो सोसायला अंगात ताकद लागते.

हळदीचंही तेच. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कर्क्युमिन कर्करोगाच्या पेशी मारतं, पण पोटातून घेतलं तर त्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं. (1997 साली अमेरिकेतलं हळदीचं पेटंट आपण रद्द करवलं, त्याचाही दाखला या चर्चेत देतात. ते पेटंट जखमेवर हळद लावण्याचं होतं.)

‘स्वस्त उपाय डॉक्टर लपवून ठेवतात’ हे वाक्य तर प्रत्येक फॅमिली ग्रुपमध्ये असतं. त्याला उत्तर द्यायला बडवे यांचाच एक खराखुरा प्रयोग आहे. दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करायला देतात ते लिग्नोकेन. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये सुरी लावण्याआधी सात ते दहा मिनिटं ते गाठीच्या चहूबाजूंनी टोचायचं, बस. भारतातल्या 11 केंद्रांवर सुमारे 1,600 स्त्रियांवर हे करून पाहिलं. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही, आणि कुणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. सहा वर्षांनी इंजेक्शनवाल्यांपैकी 90.1 टक्के हयात होत्या, बाकीच्यांपैकी 86.4. खर्च शंभर रुपयांच्या आसपास. निष्कर्ष 2023मध्ये छापून आले. कुणी काही लपवलं नाही. पण चाळीस दिवसांच्या चमत्कारापुढे चार टक्क्यांच्या फरकाचा व्हिडिओ कोण फॉरवर्ड करणार?

आणि कॅमेऱ्यासमोर बोलायला बरे झालेलेच येतात. तोच पाला खाऊन जे गेले, त्यांची मोजदाद कुठल्याच व्हिडिओत नसते. टाटाच्याच दुसऱ्या अभ्यासात गेलेल्यांचीही मोजदाद होती. 1998पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांना त्यात घेतलं. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांना तसा फायदा दिसला नाही, आणि संशोधकांनी तेही छापलं. मला विश्वास वाटतो तो या दुसऱ्या वाक्यामुळे.

भारतात 2022 साली सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा अंदाज आहे. रायपुरात कुणाला स्तनात गाठ लागली तर मेकाहारा, म्हणजे आंबेडकर रुग्णालयातलं कर्करोग केंद्र आहे, एम्स आहे. तिथे आधी सुईनं तुकडा काढतील. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही मोबाइलवरची भीती निराधार. उलट तपासणीआधीच कुणीतरी घाईनं कापलेली गाठ पुढचं ऑपरेशन अवघड करते. त्या तुकड्याच्या रिपोर्टवर ईआर, पीआर (हार्मोनचे ग्राही) आणि हर-2 (एक प्रथिन) अशा तीन ओळी असतात. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनची गोळी कामाची, हर-2 पॉझिटिव्ह असेल तर इंजेक्शनं निराळी, आणि तिन्ही निगेटिव्ह असतील तर मुख्य भिस्त केमोवर. त्यामुळे शेजारच्या वहिनींना काय लागू पडलं, हे विचारण्याआधी त्यांच्या या तीन ओळी काय होत्या ते विचारावं. आपल्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलं की सगळ्यात आधी तोच मागतात.